इक्बाल, पोरं पोटभर जेवली

इक्बाल,

मंगळवारी सकाळी नसीम भाभींच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी वसतिगृहात पोरांच्या नळाच्या तक्रारी ऐकत उभा होतो. तो म्हणाला, "इक्बालभाई गुजर गए." मी विचारलं, "कोणते इक्बालभाई?" खरंच विचारलं. अमरावतीत माझ्या ओळखीचे आणखी एक इक्बालभाई आहेत, सत्तरीच्या पुढचे, आणि माझ्या मनानं लगेच त्यांना पुढं केलं. तो म्हणाला, "अपने इक्बालभाई." 

मधू तिवश्याकडून मोटारसायकलनं आला. ती माझ्या घरी लावून आम्ही दोघं एसटीनं अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर गेल्यावर मधू म्हणाला, "चव्वेचाळीस काय वय आहे बे?" जुन्या शहरात पोचलो तेव्हा तुला न्यायची तयारी झाली होती. नमाज होईपर्यंत आम्ही मागं उभे राहिलो, मग खांदा दिला, तीन मुठी माती टाकली. काय झालं ते तुझ्या मेहुण्यानं सांगितलं. सकाळी छातीत दुखलं, ऑटोत बसवलं, आणि ऑटो मोर्णा नदीच्या पुलावर पोचेपर्यंत तू गेला होतास.

तुझं शिक्षण, नोकरी, बदल्या हे सगळं तुझ्या खात्यातले साहेब शोकसभेत सांगतील. मला त्यात पडायचं नाही. आपला एक वाद अर्धा राहिला आहे आणि तो मला सुटत नाही, म्हणून लिहितो आहे. लिहिताना तुझी एक गोष्ट पुन्हा उघडी करावी लागेल. या वेळी मी अब्बांना आणि भाभींना विचारलं आहे. दोघांनीही "लिहा" म्हटलं. तुला मात्र विचारता येत नाही.

आपण तिघं एका खोलीत कसे आलो ते तुला आठवत असेल. वसतिगृहाच्या यादीत आपली नावं खाली होती, म्हणून कॉलेजजवळ एक पत्र्याची खोली घेतली. मी दर्यापूरकडचा, मधू कौंडण्यपूरजवळच्या खेड्यातला, आणि तू तर अकोल्याचाच. तुझं घर सायकलनं अर्ध्या तासावर होतं, तरी तू खोली का घेतलीस हे मला तेव्हा कळलं नाही. "घरी अभ्यास होत नाही," असं तू सांगितलंस. अब्बा काय करतात विचारलं तर म्हणालास, "धान्याचा धंदा आहे." आम्हाला पटलं. अकोल्यात धान्याचा धंदा नसलेला माणूस शोधावा लागतो.

पहिलं वर्ष आपण शेजारच्या काकूंच्या खानावळीत जेवलो. तुझं ताटाकडे बघणं तेव्हाही वेगळं होतं. वरणाचा एक घास घेऊन तू म्हणायचास, "हळद कच्ची राहिली," आणि मग खाली मान घालून सगळं संपवायचास. आम्हाला वाटायचं, हा शहरातला, याचे नखरे.

दुसऱ्या वर्षी काकूंनी खानावळ बंद केली. भांडण नाही, काही नाही. त्या वर्षी पाऊस दोनदा दगा देऊन गेला होता आणि खानावळीतली निम्मी पोरं सुट्टीनंतर परत आलीच नव्हती. काकू म्हणाल्या, "पाच-सहा जणांसाठी चुलीवर एवढा मोठा गंज चढवणं मले परवडत नाही रे बाबा," आणि पोरीकडे राहायला गेल्या.

त्यानंतरचे दोन महिने आपण काय खाल्लं ते आता वसतिगृहातल्या पोरांना सांगतो तर त्यांना गंमत वाटते. सकाळी चहा-खारी. दुपारी टपरीवरचे पोहे. संध्याकाळी ग्लुकोजची बिस्किटं, नाहीतर मी केलेला भात. माझा भात खाली करपायचा आणि वर कच्चा राहायचा. तूही तो मुकाट्यानं खायचास! याची आठवण आली की अजून तुझा राग येतो. स्वतःला रांधता येत असून तू हात लावला नाहीस. दोन महिने.

मधूनं उपास धरायला सुरुवात केली होती. सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार. आम्ही चिडवायचो की याला देव पावणार. त्याच्या शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, ते मी रोज बघत होतो. बघत होतो म्हणजे नजर पडत होती. समजत काही नव्हतं.

मग तो दिवस. कपाशीच्या प्लॉटवर पानांवरची कीड मोजायचं प्रात्यक्षिक होतं. मधू ओळीत खाली बसला, आणि उठायच्या ऐवजी आडवा झाला. तू त्याचं डोकं मांडीवर घेतलंस. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, आजार काही नाही, पोटात काही नाही म्हणून पडला. संध्याकाळी खोलीवर आणल्यावर तू त्याच्यासमोर बसलास.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"चहा."

"काल?"

मधूनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बाकीचे चार दिवस कोणाचे बे?"

मधू भिंतीकडेच बघत म्हणाला, "घरी दुसऱ्यांदा पेरलं. तेबी उगवलं नाही. माय-बाबा काय खात असतीन ते माईत नाही. मी इथं बसून कसा खाऊ? घास घेतला का घशातच बसते."

माझ्या घरीही फार वेगळं नव्हतं, पण मी बिस्किटं खात होतो. तू सायकल काढून निघून गेलास. मला वाटलं, तुला कंटाळा आला आमचा.

तासाभरानं तू परत आलास तेव्हा सायकलच्या मागं एक पितळी स्टोव्ह बांधलेला होता, हँडलला पिशव्या, आणि पिशवीतून एक लांब पात्याची सुरी डोकावत होती. मुगाची दाळ आणि तांदूळ तीन पाण्यांनी धुऊन तू बाजूला ठेवलेस. मग कांदा घेतलास. मी तुझ्या हातांकडे बघतच राहिलो. तू मधूशी बोलत होतास, कांद्याकडे बघतही नव्हतास, आणि कांद्याच्या सारख्या बारीक फाका खाली पडत होत्या. हळद तेलात घातलीस, जरा थांबलास, वास घेतलास, मग दाळ-तांदूळ टाकले. शेवटी पालक, वरून कोथिंबीर. गंजावर झाकण ठेवून तू म्हणालास, "आता कोणी उघडून पाहू नका."

ती खिचडी मधूनं तीनदा वाढून घेतली. तिसऱ्या वेळी ताट पुढ्यात ठेवून तो रडायला लागला. तू म्हणालास, "रडून घे. पण मंग ताट तूच घासजो."

त्यानंतर त्यानंच विचारलं, "कोणापाशी शिकला बे हे?"

"अब्बापाशी."

"ते तं धान्याचा धंदा करतात ना?"

"धान्याचाच धंदा आहे," तू म्हणालास. "शिजवून देतात."

तुझे अब्बा बावर्ची. अकोल्यापासून बाळापूर-पातूरपर्यंत लग्नांच्या जेवणाच्या मोठाल्या देगा त्यांच्या हातच्या, आणि तू दहाव्या वर्षापासून सुट्ट्यांत त्यांच्या हाताखाली. हे सगळं तू पाच मिनिटांत सांगितलंस आणि पुढं म्हणालास, "कॉलेजात कोणाले बोलायचं नाही. बावर्चीचं पोट्टं म्हटलं का लोक नाव इचारत नाही, बिर्याणी कवा खाऊ घालतं ते इचारतात." आम्ही कबूल केलं.

खिचडीनं त्या संध्याकाळपुरतं भागलं, मधूचा प्रश्न काही सुटला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ताटावर बसून भात चिवडत राहिला. तू त्याला म्हणालास की घरून ज्वारी आणि तूर आण, आपण इथं रांधू. तो म्हणाला, "घरचं कमी होईन." तू म्हणालास, "ते तू नको ठरवू. मायले इचार." तो विचारेना. मग तूच त्याच्या घरी पत्र लिहिलंस, त्याला न सांगता. आजही मधू म्हणतो की त्या पत्रात काय होतं ते मायनं कधी दाखवलं नाही.

आठ दिवसांनी त्याची माय खोलीच्या दारात उभी. एसटी बदलत आली होती. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं, हातात तुरीच्या दाळीची पिशवी. गाठोडं खाली ठेवून तिनं आधी मधूचा दंड धरून पाहिला आणि मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"काहून रे? उपाशी राहून शिकतं काय तू?"

"माय, घरी..."

"घरचं मी पाहीन ना. मी तिथं भाकर खातो तवा मले वाटते, माहा मधू जेवला अशीन. त्याच्यावर माहा घास उतरते. आन तू इथं उपाशी? मंग माहं जेवणबी खोटंच झालं ना."

मधू खाली बसला. तू बाहेर निघून गेलास. मी पण. थोड्या वेळानं मधूच्या आईंनीच आपल्याला आत बोलावलं आणि विचारलं, "तवा हाय काय तुमच्यापाशी?" त्या दिवशी त्यांनी भाकरी थापल्या, तू वांग्याची भाजी केलीस. त्यांनी तुझी भाजी खाऊन पाहिली आणि विचारलं, "बाप्पा, कोन शिकवलं तुले?" तू त्यांना खरं सांगितलंस. कॉलेजात जे सांगायला तोंडावर कुलूप, ते त्यांच्यासमोर तू सहज बोलून गेलास. त्या म्हणाल्या, "चांगलं काम आहे. शंभर लोकाईचं पोट भरते." बस, एवढंच.

तेव्हापासून मधू जेवायला लागला.

मग तू आम्हाला शिकवायला घेतलंस. तुझा एकच नियम होता: ताटात एक धान्य, एक दाळ आणि एक हिरवं काहीतरी. हिरवं म्हणजे पालक, मेथी, अंबाडी, काहीच नसेल तर कच्ची गाजरं-मुळा. सकाळी कॉलेजला निघण्याआधी रात्रीची भाकर दह्यात कुस्करून, नाहीतर भिजवलेला हरभरा. "चहावर प्लॉटमधी उभं राहायचं नाही," हे तू रोज म्हणायचास. पुस्तकात आपण तुरीतली प्रथिनं पाठ करायचो आणि बिस्किटं खायचो. ज्वारीवर प्रश्न आला की दहा मार्कांचं उत्तर लिहायचो आणि कॅन्टीनमध्ये भाकरीचा डबा उघडायला लाजायचो. तुला याचं हसू यायचं.

कॅन्टीनमधला तो दिवस मधू अजून सांगतो. त्यानं पहिल्यांदा डबा नेला होता, भाकर, फल्लीदाण्याची चटणी आणि अंबाडीची भाजी, आणि तो टेबलाखाली मांडीवर ठेवून तोडत होता. शेजारच्या टेबलावरची पोरं हसली. तू उठलास, त्याचा डबा उचलून टेबलावर मधोमध ठेवलास आणि मोठ्यानं म्हणालास, "जरा सरका बे, जेवाले जागा द्या." मग असा मन लावून खायला बसलास की हसणाऱ्यांपैकी एकानं येऊन चटणी मागितली. पंधरा दिवसांत आणखी चार डबे त्या टेबलावर यायला लागले.

मला स्टोव्हची भीती वाटायची हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरी पुरुष चुलीजवळ जात नाहीत, आणि मला वाटायचं की मी गेलो की काहीतरी जळणार. तू मला भाकरीवर बसवलंस. पहिल्या सात-आठ भाकरी तव्यावर जायच्या आधीच फुटल्या. मी पीठ ढकलून दिलं, म्हणालो, मला जमणार नाही. तू ते तुकडेच तव्यावर टाकलेस, भाजलेस आणि दाळीसोबत खाल्लेस. "पोटात जाऊन तिचे तुकडेच व्हायचे आहेत. उद्या परत थाप." महिनाभरानं माझी एक भाकर फुगली तेव्हा मी ओरडलो होतो. घरमालक धावत आला होता, काय झालं म्हणून.

खोलीत तू तीन वर्षं मटण आणलं नाहीस, अंडंसुद्धा नाही, कारण मधूच्या गळ्यात माळ होती. मी कुरकुर करायचो. तू म्हणायचास, "तुले खायचं तं घरी चाल माह्यासंग. इथं तिघाईचं ताट एक आहे." आणि मग रविवारी मला घरी न्यायचास. तिथं मी पहिल्यांदा अब्बांना पाहिलं, आणि अब्बांपुढं तू किती गप्प असतोस तेही.

हळूहळू आजूबाजूच्या खोल्यांतली पोरं यायला लागली. कोणाला फोडणी शिकायची, कोणाला वरण. तू सगळ्यांना शिकवायचास. कुठं शिकलास विचारलं की सांगायचास, "इथंच शिकलो खोलीवर, मलेबी काही येत नव्हतं." मी आणि मधू एकमेकांकडे बघायचो आणि काही बोलायचो नाही. त्या वर्षी त्या पत्र्याच्या खोल्यांतून एकही पोरगा शिक्षण सोडून घरी गेला नाही. सगळं तुझ्यामुळं, असं मी म्हणणार नाही. पण पोरं जेवत होती, हे खरं.

मग पदव्या झाल्या. तू शेतीखात्यात गेलास, मी अमरावतीच्या एका कॉलेजात मातीचा विषय शिकवायला लागलो आणि पुढं वसतिगृह माझ्या गळ्यात पडलं. आणि मी बघितलं की तिथं आपलंच चालू आहे. सकाळी चहा-खारी, दुपारी समोसा, रात्री पाकिटातल्या शेवया. काही पोरं मेसचं जेवण नको म्हणून, तर काही मधूसारखी, घरचं आठवून. विचारलं तर म्हणायची, "भूक नाही सर." मी जेवणघरात जीवनसत्त्वांचा तक्ता लावला. तू एकदा आलास, तक्ता वाचलास आणि म्हणालास, "विल्या, हे जेवण आहे का औषधाची यादी?"

मी म्हटलं, मग तूच ये शिकवायला. पाच-सहा वर्षं मी हे म्हणत राहिलो आणि तू टाळत राहिलास. "मी लोकाईले बियाणं सांगतो, फोडणी नाही सांगत." गेल्या पावसाळ्यात, काय वाटलं तुला देव जाणे, तू हो म्हणालास.

तो रविवार मला पुन्हा पुन्हा दिसतो. वसतिगृहाच्या व्हरांड्यात चाळीसेक पोरं. तू शेगडी पेटवायच्या आधी विचारलंस, "कोणाच्या घरी ज्वारी होते? हात वर करा." दहा हात वर आले. "तूर? हरभरा?" हात वाढले. "मंग पाकीट काहून खाता?" पोरं हसली. मागून एक बारका आवाज आला, "सर, काहीच करता येत नाही." तू त्याच्याकडे बघून म्हणालास, "मलेबी काही येत नव्हतं. तुमच्याच वयात खोलीवर शिकलो. पहिल्या आठ भाकरी फुटल्या." माझ्या भाकरी होत्या त्या! मला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात मी मधेच बोललो.

"पोरांनो, सर तुम्हाला फसवत आहेत. यांचे वडील अकोल्याचे नावाजलेले बावर्ची आहेत. यांच्या रक्तातच आहे हे."

मला तुझा अभिमान वाटत होता, इक्बाल. हे मी शपथेवर सांगतो. तू हसलास. एका पोरानं विचारलं, "सर, बिर्याणी येते?" तू म्हणालास, "येते." आणि दोन तास शिकवलंस, वरण, ज्वारीच्या कण्या, पालकाची पातळ भाजी. पोरांच्या हातात सुरी दिलीस, चटका बसलेल्याचं बोट पाण्यात धरलंस. पोरं पोटभर जेवली. मी खूश होतो.

बसस्टँडवर तू बोललास.

"तुले जन्मभर एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही ना."

"अरे, लपवायचं काय आहे त्यात? किती मोठं काम आहे अब्बांचं."

"अब्बा लग्नात हजार माणूस जेवू घालत आन शेवटी देगांपाशी बसून जेवत. मी त्यांच्या बाजूले. पंगतीत बसाले आमाले कोणी म्हटलं नाही. कॉलेजात मी पहिल्यांदा सगळ्याईसंग बसून जेवलो. ते काय होतं तुले नाही समजणार."

"म्हणजे तुला लाज वाटते."

"वाटते. तं? आन ते सोड. तो मागचा पोट्टा घाबरून बसला होता. मी म्हटलं मलेबी येत नव्हतं, तं त्याचा चेहरा खुलला. तू म्हटलं रक्तात आहे. मंग ज्याच्या रक्तात नाही त्यानं काय कराव? चहा-खारी खाव?"

मी मुद्दा सोडून तुझ्यावरच उलटलो. "विषय बदलू नको," म्हटलं, "खोटं तू बोललास, मी नाही." बस लागली. तू चढलास. खिडकीतून हात केलास की नाही, ते मी पाहिलं नाही. मी पाठ फिरवली होती.

त्यानंतर दिवाळीला तुझा फोन, ईदला माझा. तब्येत, पोरं, पाऊस. त्या रविवारचं नाव दोघांनीही काढलं नाही. मी माफी मागितली नाही, कारण मला वाटायचं की माझं बरोबर आहे. लाजेच्या बाबतीत अजूनही निम्मं तसंच वाटतं. त्या पोराच्या बाबतीत मात्र तुझं बरोबर होतं, आणि हे मला त्याच रात्री कळलं होतं. एवढं वाक्य फोनवर म्हणायला काय लागत होतं?

दफनानंतर अब्बांना भेटलो. पाठ वाकली आहे, पण आवाज तोच. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि न राहवून सांगून टाकलं की आमच्यात भांडण झालं होतं. ते म्हणाले, "मालूम है. दो दिन मुँह फुलाके बैठा था. मैंने पूछा, बच्चों ने पेट भर खाया? बोला, हाँ. मैंने कहा, फिर गुस्सा किस बात का?"

"मग तो काय म्हणाला?"

"उठके चला गया."

म्हणजे तू मला माफ केलंस की नाही ते अब्बांनाही माहीत नाही. मी घरी येताना मधूला हे सांगितलं. तो म्हणाला, "तो पाच-सहा वर्षं येत नव्हता आन गेल्या वर्षी आला. एवढं धर." मधू नेहमी असंच बोलतो. मी एवढंच धरलं आहे. पुरत नाही.

तीन दिवस तुझ्या घरी शेजाऱ्यांकडून जेवण येत होतं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, मी पुन्हा गेलो. अब्बा म्हणाले, आज घरात चूल पेटली पाहिजे. भाभी आतल्या खोलीत होत्या. तुझी लेक सना उठली, गॅसजवळ गेली आणि तिथंच उभी राहिली. मला वाटलं, रडते आहे. ती वळून हळूच म्हणाली, "काका, मले काहीच येत नाही. अब्बू हात नव्हते लावू देत. म्हणायचे, तू अभ्यास कर, या घरातलं हे काम माह्यावर संपलं."

इतक्या पोरांना शिकवलंस तू. तुझी स्वतःची लेक सतरा वर्षांची आहे आणि तिला भात लावता येत नाही. क्षणभर मला वाटलं, बघ, माझंच बरोबर होतं. आणि तुझ्या घरात, तुझ्या चौथ्या दिवशी, असं वाटल्याचा मला फार राग आला. तू तिला देगांजवळ बसून जेवताना बघू शकत नव्हतास. एवढंच होतं ते. हे समजायला मला तुझं स्वयंपाकघर बघावं लागलं.

अब्बांनी स्टूल मागवलं. त्यावर बसून ते तिला सांगत गेले, किती दाळ, किती पाणी, ज्योत केव्हा कमी करायची. मी मीठ-मसाल्याचे डबे हातात देत होतो. पाणी जास्त झालं. दाळ अगदी पातळ. सनाचा चेहरा उतरला. अब्बांनी वाटी तोंडाला लावून ती पिऊन टाकली आणि म्हणाले, "कल गाढ़ी होगी." मी दोन वाट्या घेतल्या. भाभींनी चार दिवसांत पहिल्यांदा नीट जेवण केलं.

जूनमध्ये सना अमरावतीला येते आहे. मुलींच्या वसतिगृहात तिची जागा झाली आहे, आणि दर रविवारी ती आमच्या घरी येऊन रांधणार, असं तिनं स्वतःच ठरवलं आहे. तिच्या खोलीतल्या पोरीही उपाशीतापाशी राहणाऱ्या असतील, तिला दिसेलच ते. ती त्यांना शिकवेल की नाही माहीत नाही. शिकवलं, आणि कोणी विचारलं की तू कोणाकडून शिकलीस, तर काय उत्तर द्यायचं ते तिचं ती ठरवेल. मी शेजारी उभा असलो तरी गप्प राहीन.

तुझा,
विल्या